जेटातली तार

रत्नमालाताईनं गाडी ढकलत माह्या गॅरेजात आणली, तवाच मी ओळखली. तिच्या नवऱ्याची, अश्वजितदादाची मोटरसायकल. दोन वर्सांपूर्वी दादा हिच्यावरच जवाहरनगरले ड्युटीवर निघाले होते. कारध्याच्या पुलावर गाडी एकदम बंद पडली, अन् मागून ट्रक आला.

तवापासून मी पुलावरून गेलो का मागं तेच गाडी खोकलते. वळून पाहतो तं कोणी नाही. बायको म्हणते, एकडाव मांत्रिकाकडून झाडून घ्या. तिच्यावर मी खेकसतो, पण भेव तं लागतेच.

"चालू नोको करू टेकचंद," ताई म्हणाली. "कार्बोरेटर खोलून पाह्य फक्त. अपघातानंतर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद सापडला होता. रातच्याले ते घरी आले का बंद करत, सकाळी मी उघडत होती. त्या दिवशी उघडला का नाही, आठवतच नाही. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी पुलापर्यंत गेली असन, अन्... मीच मारलं का रे त्यायले?"

आता बोला! एवढं ओझं घेऊन हे बाई दोन वर्सं झोपली कशी असन?

कार्बोरेटर खोललं. कॉक बंद असता तं वाटी कोरडी निघाली असती. पण काठापर्यंत वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा चिकटा होता. म्हणजे कॉक उघडा होता. आग लागू नये म्हणून अपघातानंतर गर्दीतल्या कोणीतरी बंद केला असन.

मंग पितळेचा जेट काढला, करंगळीच्या नखाएवढा; याच्याच बारीक भोकातून इंजिनाले पेट्रोल जाते. माहे उस्ताद कृष्णराव म्हणत, "जेटाले फुंकर मार, तार घालशीन तं हात तोडीन." फुंकर मारली. हवा गेली नाही. उजेडाकडे धरला. भोकात तांब्याची तार तुटून बसली होती.

माहीच. अपघाताच्या आदल्या दिवशी जेट साफ करताना घाईत घातली होती. तुटली, तं म्हटलं, पडली असन कुठंतरी. तोच तुकडा वाटीत राहिला अन् पुलावर भोकात ओढला गेला असन. वरून दादाले म्हटलं, बिनधास्त जा.

जेट भंगाराच्या डब्यात टाकला असता तं कोणाच्या बापाले समजलं नसतं.

"कॉक उघडा होता ताई. तुमचा हात चुकला नाही."

ताई मटकन खाली बसली, हमसून हमसून रडली. मंग पदरानं डोये पुसले.

"मंग बंद काहून पडली?"

मी जेट तिच्या तळहातावर ठेवला. "यात तार अडकली आहे. मी घातली होती."

ताईनं जेट उजेडाकडे धरून तार पाह्यली.

"निघताना मी म्हटलं होतं, आज बसनं जा," ती म्हणाली. "तं हासले. म्हणे, टेकचंदनं बिनधास्त जा म्हटलं."