उपासासाठी कोरडा शिधा

मी खोका बोलतोय. हसू नका, पुठ्ठ्यालाही तोंड असतं. माझं तर वरून सताड उघडं आहे. जन्मलो तेव्हा पोटात शाळेची पुस्तकं भरली होती, पण चौथीपर्यंतचीच. पाचवीची दुसऱ्या खोक्यात गेली. त्यामुळे वाचता येतं, शहाणपण तेवढं यायचं राहिलं.

सध्या मुक्काम सिंगापूर, क्वीन्सटाउन, सुलेखाच्या फ्लॅटचं दार. तिच्या ऑफिसात नादिया म्हणून एक बाई आहे. नादियाचं शहर परक्या सैन्याने ताब्यात घेतलंय आणि म्हातारी आई तिथेच अडकलीय. पीठ संपलेलं, गॅस नाही, पाणी दिवसाला एक बाटली. शुक्रवारी मदतीचा कंटेनर निघणार होता, त्यात माझ्यापुरती जागा मिळाली. चूल न पेटवता खाता येईल असंच हवं, असं बजावून सुलेखाने मराठी ग्रुपवर आवाहन टाकायचं काम नवऱ्यावर सोपवलं आणि स्वतः ऑडिटमध्ये बुडाली.

नवरा म्हणजे प्रबोध, बँकवाला. पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायचा, अर्ज टाकून बसलेला, शिंकायच्या आधीही परवानगी मागेल. राजकारण नको म्हणून त्याने 'युद्ध' खोडलं, 'सैन्य' खोडलं, शहराचं नाव खोडलं. चुलीची अट त्याच वाक्यात होती, तीही गेली. उरलं, 'उपाशांसाठी कोरडा शिधा द्या.' फोनने आगाऊपणा करून त्याचं 'उपासासाठी' केलं. साहेबांनी न वाचता पाठवलं. मी आतल्या आत खुदखुदलो.

नवरात्र आठवड्यावर आलेलं. लोकांना वाटलं, मंडळाचा फराळ. निशिकांतरावांनी लिटिल इंडियातून पाच किलो साबुदाणा आणला. क्षिप्राताईंनी वरी दिली, गेल्या वर्षीची, किडे फुकट. राजगिरा चालेल का, असं कुणी विचारलं, तर प्रबोधने अंगठा पाठवला. मी गळ्यापर्यंत भरलो. त्यानेच चिकटपट्टी लावली.

शुक्रवारी गोदामात नादियाने स्वतः मला उघडलं. एक पुडा हातात घेऊन तिने सुलेखाला विचारलं, हे काय?

"साबुदाणा," सुलेखा म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता. "आधी भिजवायचा. मग शिजवायचा."

"तुम्ही कधी खाता?"

सुलेखाला खोटं सुचलं नाही. "उपास असला की."

नादियाने ते पांढरे मणी बोटांनी दाबून पाहिले. "म्हणजे उपाशी राहायचं ठरवलं, की एवढं खाता."

मला हसू आलं. काय करू, मी तसलाच.

सुलेखा खजूर आणायला धावली. परतली तेव्हा कंटेनरला सील लागलं होतं. पुढचा तीन आठवड्यांनी. साबुदाणा ज्याचा त्याला परत गेला, नऊ दिवस खिचड्या झाल्या. दाण्याचं कूट जरा जाडसर राहिलं, अशी निशिकांतरावांची तक्रार होती.

आता मी पुन्हा दारात बसलोय. या खेपेला सुलेखाने जाड पेनाने माझ्या अंगावर त्या शहराचं नाव लिहिलंय. शेजारी वाचतील, असं प्रबोध पुटपुटला.

"वाचू देत," ती म्हणाली.

तेव्हा जाता-येता खजूर टाका, बिस्किटं टाका, शेंगदाण्याची चिक्की टाका. नादियाच्या आईचा फोन मंगळवारपासून लागत नाही. तरी टाका. त्या गल्लीत आणखी म्हाताऱ्या आहेत.