पोटातला स्क्रूड्रायव्हर

मित्रांनो, मी इंग्लंडचं एक जुनं लढाऊ जेट विमान आहे. नाव व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारं भूत! पण घाबरू नका. माझं पोट साध्या लाकडाचं, सुतारांनी सरस लावून घडवलेलं. बाँब घेऊन खाली सूर मारायचा आणि लगेच वर उसळायचं, हे माझं काम.

नॉरफकच्या हवाई तळावर माझी देखभाल नेस्बिट करायचा. एका सकाळी तो माझी सीट घट्ट करत असताना सार्जंट पेनरोजने त्याला हाक मारली. घाईत स्क्रूड्रायव्हर सीटखालीच राहिला. वैमानिक गारसाइड चढला आणि आम्ही उडालो. स्क्रूड्रायव्हर पोटात गडगडत होता. मला कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला.

तिकडे तळावर नेस्बिटने हत्यारं आवरली, तर स्क्रूड्रायव्हर गायब.

"गप बस, गाढवा," पेनरोज म्हणाला. "विमान उतरलं की गुपचूप काढून घे. आत्ता बोललास तर गेलास कामातून."

"आणि उतरलंच नाही तर?" नेस्बिट कंट्रोल टॉवरकडे पळत सुटला.

समुद्रावर गारसाइड मला खाली झोकणार, तोच रेडिओ ओरडला, "थांबा! सूर मारू नका! सीटखाली स्क्रूड्रायव्हर राहिलाय!"

गारसाइडने माझं नाक वर उचलायचा दांडा ओढून पाहिला. तो पुढे जात होता, मागे येत नव्हता; स्क्रूड्रायव्हर त्याच्या बुडाशी अडकला होता. सूर मारला असता तर आम्ही वर आलोच नसतो. आताही माझं नाक हळूहळू पाण्याकडे झुकत होतं. बाहेर उडी मारावी, तर मागे माझीच शेपटी आडवी.

"चल बाई, उताणी हो," तो पुटपुटला. त्याने मला उलटं केलं आणि दांडा पुढे रेटला; उलटं असताना त्यानेच नाक वर जातं. इंजिन आचके देऊ लागलं. धूळ, खडे, एक पेन्सिल छताच्या काचेवर पडली. मग टण्णकन स्क्रूड्रायव्हर आला! गारसाइडने तो मुठीत धरला, मला सुलटं केलं. दांडा मागे आला. हुश्श!

आम्ही उतरलो तेव्हा नेस्बिटचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, चूक माझीच."

"तुझीच! पुन्हा केलीस तर कान उपटीन," गारसाइड म्हणाला. त्याने स्क्रूड्रायव्हर नेस्बिटच्या हातात ठेवला. "आणि उद्या माझं विमान तूच तयार करायचंस. दुसऱ्या कुणाच्या हातचं मला नको."

आता मी संग्रहालयाच्या शेडमध्ये असतो. ओलीने लाकूड फुगलंय, रंग उडालाय. तुम्ही माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण मित्रांनो, हातून चूक झाली तर आधी पळत जाऊन सांगा. ती चूक सोबत घेऊन कुणीतरी आधीच उडालेलं असतं.