पाटीवर नाव आधी कुणाचं?

मी काउंटरवरची वही बोलतेय. स्टेशनरीच्या दुकानात, पेनांच्या डब्याशेजारी, पेन चालतं का ते बघायला सुतळीने बांधून ठेवलेली वही असते ना, तीच मी. बांधतात कारण एकदा एक गिऱ्हाईक पेन ठेवून मलाच घेऊन गेलं होतं. चांगलं कोपऱ्यापर्यंत.

जन्म छापखान्यातला. पत्रकं कापून उरलेले कागद, डोक्यावर डिंक, पाठीला पुठ्ठा, झाली वही. एक बाजू अर्धवट छापलेली, दुसरी कोरी. फुकटात आलेली असल्यामुळे कुणी मला जपलं नाही, पण त्यामुळेच माणसं माझ्यापुढे मोकळी झाली.

माणसाच्या हाती नवं पेन आलं की तो आधी स्वतःचं नाव लिहितो. मग झोकात सही करतो. मग रेघोट्या काढतो आणि सगळ्यात स्वस्त पेन घेऊन जातो. एका गृहस्थांनी अकरा पेनांनी अकरा सह्या केल्या आणि खोडरबर घेऊन गेले. मालक त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. धंदा असा करायचा असतो.

मालकांना सगळे थोरले म्हणतात, कारण शेजारच्या तसबिरींच्या दुकानात धाकटे बसतात. सख्खे भाऊ. पूर्वी दुकान एकच होतं. नवी पाटी करायची ठरली आणि नाव आधी कुणाचं यावरून वाजलं. थोरले म्हणाले, जन्माने मी आधी. धाकटे म्हणाले, दुकानाची कल्पना माझी. पाटी रंगवणारा दुपारभर ब्रश धरून बसला आणि शेवटी चहा पिऊन गेला. मध्ये प्लायवूडची भिंत उभी राहिली. चार वर्षं झाली, बोलणं बंद. पाटी कोरीच माळ्यावर गेली.

अशात एक दिवस वेणीवाली आली. कॉलेजातली पोरगी. तिने बारीक टोकाचं काळं पेन उचललं आणि सही न करता दोन डोळे काढले. मग केस, मग तलवार. शेजारी नकाशाची गुंडाळी घेतलेला दुसरा तरुण. खाली लिहिलं : तलवारवाला × नकाशेवाला.

"काका, हे एका जपानी चित्रकथेतले, 'मांगा' म्हणतात तिला. यांचं प्रेम जमावं असं मला वाटतं, म्हणून ही माझी जोडी," तिने थोरल्यांना सांगितलं आणि पेन घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, करारी. चित्र बघून त्यांचे डोळे लकाकले, पण नावं वाचून भुवया चढल्या. त्यांनी नावं खोडून उलटी लिहिली : नकाशेवाला × तलवारवाला. खाली शेरा : भाग एकेचाळीस नीट वाचा, छत्री कुणी धरली?

वेणीवालीचं उत्तर तिसऱ्या दिवशी, जांभळ्या शाईत : छत्री कुणीही धरो, खांदा कुणाचा भिजला?

मग काय विचारता! माझ्या पानापानावर दोघींची जुंपली. भिजलेले खांदे, अर्धवट नजरा, एकाचा दुसऱ्याकडे जाडा बाण, दुसऱ्याचा परत येणारा तुटक बाण. थोरल्यांनी पहिल्यांदा पान फाडायला हात घातला, पण मग त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक मुद्दा नव्या पेनाने मांडला जातो आणि ते पेन विकलं जातं. हात मागे गेला. पुढच्या आठवड्यात दुकानात ब्रशपेनं आली.

त्याच सुमारास धाकट्यांच्या शटरवर कागद लागला : 'महिनाअखेर दुकान बंद होत आहे.' धाकटे मुलीच्या गावी कायमचे निघाले होते. थोरल्यांनी तो कागद दिवसातून सहा वेळा वाचला, दरवेळी दुसरीकडे बघत बघत.

वेणीवाली चित्रांना चौकटी धाकट्यांकडूनच करून घ्यायची. ती आली आणि म्हणाली, "शेजारचे काका चालले?"

"मला काय त्याचं."

"मग त्यांचं शटर वर गेल्याशिवाय तुम्ही सकाळचा चहा का घेत नाही?"

थोरल्यांच्या हातातली पावती तशीच राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? आमचा उद्योगच तो. कोण कुणाकडे बघतं ते बघायचं."

तिने माझं शेवटचं पान उघडलं. दोन मिशाळ म्हातारे काढले, मधे प्लायवूड, आणि दोन्हीकडून बाण.

थोरले दचकले. "अगं ए, आमची कसली जोडी लावतेस?"

"काका! जोडी प्रेमाचीच असते असं नाही. वैऱ्यांची असते, मित्रांची असते, भावांचीही असते." तिने खाली पुरावे लिहिले आणि पेन थांबवलं. "नाव आधी कुणाचं लिहू?"

"त्याने एवढं काय अडतं तुमचं?" हे विचारणारा माणूस कोण, ते लक्षात घ्या.

"अडतं तर! पहिलं पाऊल टाकतो त्याचं नाव आधी. दुसरा वाट बघत असतो."

ती गेली. थोरल्यांनी कात्री घेतली. मला वाटलं पान कापणार, पण त्यांनी सुतळी कापली आणि मला काखेत मारून ते शेजारी गेले.

धाकटे खिळे ठोकत होते. थोरल्यांनी मला टेबलावर ठेवलं. "याला चौकट लागेल."

चार वर्षांतलं पहिलं वाक्य. धाकट्यांनी मान वर न करता विचारलं, "काच साधी की बिनचमकीची?" मग त्यांची नजर माझ्यावर पडली. ते पुरावे वाचू लागले. शेवटचा पुरावा मोठ्याने वाचला : "'धाकट्यांकडे कुणी पेन्सिल मागितली की ते शेजारी पाठवतात. बाजारात पेन्सिलींची आणखी तीन दुकानं आहेत.' खोटं आहे हे."

"काय खोटं?"

"चार आहेत."

थोरले खुर्ची ओढून बसले. "नावं घाल खाली. तुझं आधी."

"नाही. तू आलास ना? तुझं आधी."

"मी सांगतोय ना, तुझं!"

"चार वर्षांनी येऊन परत हुकूम?" धाकटे म्हणाले आणि फिस्सकन हसले.

निघताना थोरल्यांनी शटरवरचा कागद काढला. तुमच्याआमच्यासारख्याने फाडून फेकला असता. त्यांनी उलटून बघितला, मागची बाजू कोरी होती. तो आता नव्या वहीचं पहिलं पान आहे.

आणि मी? चौकटीत मावायला शेवटचं पान आणि पुठ्ठा, एवढीच उरलेय. बिनचमकीच्या काचेआड आरामात आहे. प्लायवूड काढलं, त्या जागी खांबावर मला टांगलंय. माझ्याखाली नावं नाहीत. डॉक्टरीणबाईंनी नव्या वहीत कळवलंय : 'पहिलं पाऊल थोरल्यांचं, पण पहिलं हसू धाकट्यांचं. पुनर्विचार व्हावा.' वेणीवालीचं उत्तर यायचंय.

पाटी माळ्यावरून खाली आलीय. रंगवणारा ब्रश धरून बसलाय. "तुझं आधी." "नाही, तुझं." त्याचा तिसरा चहा चाललाय. घाई कुणालाच नाही, त्याला तर मुळीच नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी पेन चालवून बघाल तेव्हा स्वतःच्या नावाची घाई करू नका. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय त्याचं नाव लिहून बघा. पेन चालतं का, ते तेवढ्यानेही कळतं.