एकदाच उलटलेला ओंडका

मी एक जुना ओंडका आहे. बसा मित्रांनो, माझ्यावरच बसा, सगळेच बसतात. फक्त डाव्या टोकाकडे बसू नका, तिथे चीर गेली आहे.

मी लार्चचा, म्हणजे थंड डोंगरातल्या सूचिपर्णी झाडाचा. ऑखनबेग गावामागच्या टेकडीच्या उत्तर उतारावर मी चाळीस वर्षे उभा होतो. तिकडे ऊन कमी आणि वारा फार, त्यामुळे झाड वाढते सावकाश, पण लाकूड भरते घट्ट. माझ्या आजूबाजूच्या झाडांच्या होड्या झाल्या. माझीही होईल असे मला वाटत होते. पण एका मार्च महिन्यात जंगलकामगार डूगल रेनी वर आला. त्याने माझ्या सालीवर तळहात ठेवला, शेंड्यापर्यंत पाहिले आणि सोबत्याला म्हणाला, "हा सरळ आहे. हा खेळांना देऊ." सरळ असणे किती महागात पडते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी ऑखनबेगच्या मैदानात खेळ भरतात. पिशवीचे पाइप वाजतात, मुली जमिनीवर मांडलेल्या तलवारींवरून नाचतात, पुरुष चौकड्यांचे घागरे घालून हातोडे आणि दगड फेकतात, आणि सर्वांत शेवटी मला. दोन माणसे मला उभा करतात, बारीक टोक खाली, जाड टोक आभाळात. फेकणारा खाली वाकून मला ओंजळीत घेतो, खांद्याशी धरतो, धावतो आणि वर झुगारतो. जाड टोक जमिनीवर आपटले पाहिजे आणि बाकीचा मी त्यावरून कोलांटी घेऊन पलीकडे पडलो पाहिजे. फेकणाऱ्याच्या नाकासमोर सरळ पडलो, तर त्याच्या मागे उभा असलेला पंच म्हणतो, "बारावर!" घड्याळातले बारा. त्याहून चांगले काही नसते.

आता नियम ऐका, कारण माझे सारे आयुष्य त्या नियमाला बांधलेले आहे. कुणालाच ओंडका उलटवता आला नाही, तर पंचाला वाटल्यास त्याच्या जाड टोकाचा एक तुकडा कापायचा. पण एकदा का तो कुणी उलटवला, की पुन्हा कधीही त्याला करवत लावायची नाही. मी बावीस फुटांचा होऊन आलो. पहिल्या साली कुणाला जमले नाही. पंच होता कॉघिल, निवृत्त पोलीस. त्याने करवत आणली आणि दीड फूट गेला. तिसऱ्या साली पुन्हा दीड. बाकीच्या सालांत करवत यायची आणि पंचाच्या मर्जीने तशीच परत जायची. ते तुकडे लोकांनी शेकोटीला नेले. मी एकोणीसचा उरलो आणि एकच आशा धरली, की कुणीतरी मला एकदा उलटवावे आणि या कापाकापीतून सोडवावे.

वर्षातले पन्नास आठवडे मी सभागृहामागच्या पडवीत पडून असायचो, घडीच्या खुर्च्या आणि पताकांच्या पोत्यांशेजारी. खेळांआधी मला आठवडाभर नदीत बुडवून ठेवत, मी हलका पडू नये म्हणून. मग एक दिवस डोक्यावर आपटणे. अंग ठणकत असताना परत पडवी. कुणी म्हणेल, यात गौरव आहे. असेल. माझ्या वाट्याला बहुतेक ठणकाच आला.

माझ्या सहाव्या साली पाऊस आला. सकाळपासून अंधारून होते, तरी खेळ चालले. शेवटची पाळी डूगलची होती. तेव्हा तो चौपन्न वर्षांचा, डोक्यावर केस नाही, मान आखूड, गुडघ्याला पट्टी. दोघांनी मला उभा केला, डूगलने ओंजळीत घेतला, आणि नेमके तेव्हा आभाळ फाटले. उभे करणारे पळाले, कॉघिल पळाला, पाइपवाले पाइप पोटाशी धरून पळाले. मैदानात तो आणि मी. त्याला मला टाकून देता आले असते. पण तो धावला. चौथ्या पावलाला त्याचा डावा बूट चिखलात रुतून राहिला आणि तो एका मोज्यानिशी पुढे गेला. मग मी आभाळ पाहिले, चिखल पाहिला, पुन्हा आभाळ पाहिले, आणि पलीकडे पडलो. सरळ. बारावर.

डूगलने मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते. त्याने तोंडावरचे पाणी पुसले, माझ्यावर दोन थापा मारल्या आणि लंगडत निघून गेला. मंचावरून जाहीर झाले की पावसामुळे ओंडक्याची फेक रद्द. बढाई मारायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि पंच मागे नसताना फेकलेल्याची बढाई मारायची तरी कशी?

पण चहाच्या तंबूचा पडदा अर्धवट उघडा होता आणि तिथे हातात किटली घेऊन इशबेल गेडिस उभी होती.

इशबेल आणि डूगल एका वर्गातले. ती पहिल्या बाकावर, तो शेवटच्या. अक्षरे त्याच्या डोळ्यांसमोर ठरत नसत. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि कुऱ्हाड धरली. इशबेलने पोस्टात नोकरी केली, आणि रिकाम्या वेळात टोपणनावाने प्रेमाच्या कादंबऱ्या लिहू लागली. पावसाच्या सालानंतर दोन वर्षांनी तिची नवी कादंबरी आली. तिच्यात एक डोंगरी सरदार होता, खांद्यापर्यंत काळेभोर केस, उघडी छाती, पडका किल्ला, आणि तो भर पावसात ओंडका फेकून नायिकेचे मन जिंकत होता. ते पुस्तक देशोदेशी पोहोचले. दर ऑगस्टला बसगाड्या भरून बायका येऊ लागल्या, जर्मनीहून, कॅनडाहून, कुठून कुठून. पाइप वाजले की त्यांचे डोळे भरत. खिमा भरलेली गरम पेस्ट्री खात, लोणी लावलेली बिस्किटे खात, पाऊस आला तरी हसत बसत, आणि माझ्यावर हात ठेवून फोटो काढत. एकीने तर माझा मुका घेतला. त्यांच्यामुळे गावाचे खेळ बंद पडायचे वाचले, हे मी नाकारणार नाही.

गावकरी मात्र इशबेलला सोडत नसत. "काय गं इशबेल, तुझा सरदार सदरा कधी घालणार? न्यूमोनिया व्हायचा त्याला!" ती म्हणायची, "तू घालतोस तेवढा पुरे आहे रे, बटणं लाव आधी."

त्या पुस्तकानंतर पाच वर्षांनी, एका हिवाळ्यात डूगल वाचायला शिकला. गुडघ्याने जंगल सोडायला लावले होते, हाताला काम नव्हते. फिरत्या ग्रंथालयाची गाडी दर मंगळवारी येई, तिथल्या बाईने त्याला धडे दिले आणि मोठ्या अक्षरांचे एक पुस्तक हातात ठेवले. ते इशबेलचे होते. घरी बहीण हसेल म्हणून तो पडवीत येई, माझ्यावर बसे आणि ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचे. त्याच्याबरोबर मीही शिकलो. तो मधेच मला म्हणे, "हिने तुला ओकच्या झाडाचा केलंय रे. एवढा जड ओक उचलला तर कंबर जागेवर राहील का?"

एका दुपारी तो पावसाच्या पानापर्यंत आला. बोट एका शब्दावर थांबले. त्याने ती ओळ पुन्हा वाचली, आणखी एकदा वाचली, पुस्तक मिटले आणि ते अंगरख्याच्या खिशात घालून तो घरी गेला. पण इशबेलकडे जाऊन तो काही बोलला नाही. दोन वर्षे बोलला नाही.

आणि गेल्या वर्षीचा ऑगस्ट आला. इनव्हरनेसहून एक लांब केसांचा तरुण खास बोलावला होता, बायकांना सरदार दिसावा म्हणून. त्याने मला तीनदा फेकले, तीनदा मी आडवा पडलो. बायका हळहळल्या. कॉघिल करवत घेऊन आला.

"दोन फूट काढू, मग पोराला जमेल," तो म्हणाला. "एवढ्या लांबून बाया आल्यात. त्यांना काय ओंडका पडताना दाखवायचा?"

करवतीचे दात माझ्या सालीला टेकले. सतराचा झालो असतो. पुढच्या साली पंधराचा, मग सरपणाचा.

"कॉघिल, कापू नकोस," डूगल म्हणाला. "हा उलटलाय."

"कधी?"

"पावसाच्या साली."

"कुणी उलटवला?"

"मी."

लोक हसले. कॉघिलही हसला. "अरे डूगल, तुझ्यामागे पंच होता का?"

"पंच तू होतास. तू तंबूत पळालास."

आता लोक कॉघिलवर हसले. तो चिडला. "मग पाहिलं कुणी? एक माणूस दाखव."

डूगलने तंबूकडे पाहिले नाही. तो इशबेलच्या पुस्तकांच्या मेजापाशी गेला, वरचे पुस्तक उचलले, चष्मा लावला आणि पान शोधले. ज्या माणसाला गावाने कधी पाटीही वाचताना पाहिले नव्हते, तो चारशे माणसांसमोर ओळीखाली बोट धरून वाचू लागला.

"‘पाऊस... कोसळत होता. सगळे पळाले. त्याचा डावा बूट... चिखलात रुतला... आणि तो मोज्यानिशी... धावला.’"

"अरे, ही कादंबरी आहे!" कॉघिल म्हणाला. "यात त्याला किल्लासुद्धा आहे. तुला आहे का किल्ला?"

"थांब. संपलं नाही." त्याने बोट पुढच्या ओळीखाली नेले. "‘मोजा... राखाडी होता. टाच... हिरवी.’"

कुणी हसले नाही. डूगलच्या आईने शेवटचे विणलेले मोजे होते ते. राखाडी लोकर संपली म्हणून टाचा हिरव्या विणल्या होत्या, आणि त्या टाचांवरून अख्ख्या गावाने त्याला छळले होते. कॉघिलने करवत गवतावर ठेवली.

"बूट मीच उपटून काढला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्या दिवशी. कुंपणाला अडकवून ठेवला."

"मी तिथूनच नेला," डूगल म्हणाला.

इशबेल तंबूतून बाहेर आली. किटली हातातच होती. कॉघिलने पंचाच्या आवाजात विचारले, "कुठे पडला होता?"

"सरळ," ती म्हणाली. "बारावर."

पुस्तक छातीशी धरलेली एक पाहुणी बाई म्हणाली, "पण मग ते काळे केस?"

"केस तेवढे मी घातले," इशबेल म्हणाली.

डूगलने चष्मा काढला. "पाहिलं होतंस, तर बोलली का नाहीस?"

"बोलले की. तीनशे पानं बोलले. तूच वाचायला उशीर लावलास."

मित्रांनो, त्या दिवसापासून मला करवत लागलेली नाही आणि लागणारही नाही. नवा ओंडका आला आहे, सडपातळ. लांब केसांचा तरुण तो उलटवतो, बायका टाळ्या वाजवतात, सगळे खूश. मला पडवीतून काढून सभागृहाच्या भिंतीशी ठेवले आहे, बसायला. संध्याकाळी चहानंतर ती दोघे येतात. तो तिचे नवे लिखाण वाचतो आणि लाकडाच्या चुका काढतो. तो अडखळला तर ती पुढचा शब्द सांगत नाही, थांबते. मला आता कुणी फेकत नाही, तरी ठणका गेलेला नाही. इतक्या वर्षांचे आपटणे अंगातून लवकर जात नाही.

एवढेच मागतो. जुन्या लाकडाच्या टोकांना वर्षातून एकदा अळशीचे तेल लावा, नाहीतर चीर वाढते. आणि कुणी एकट्याने काही उलटवताना तुम्ही पाहिले असेल, तर त्याला सांगा. पुस्तकात लिहा हवे तर, पण आधी त्याच्यापाशी जाऊन सांगा. वाचायला शिकायला त्याला सात वर्षे लागतील, आणि करवत दर ऑगस्टला येते.