बाईंनी शोधलेलं उत्तर

गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठतं का, यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही, असं विज्ञानाच्या बाईंनी आठवीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. इंटरनेटवरचे दोन्ही बाजूंचे प्रयोग त्यांनी वर्गातल्या मोठ्या पडद्यावर दाखवले. "उत्तर मलाही माहीत नाही. मार्क पुराव्याला," असं म्हणून निबंध लिहून घेतले.

आज तपासलेले निबंध वाटून झाले आणि आणखी एक प्रयोग दाखवावा म्हणून बाईंनी आपला घरचा लॅपटॉप पडद्याला जोडला. 'गरम पाणी' एवढं टाइप केलं मात्र, त्यांचे जुने शोध भराभर खाली उलगडले, हातभर अक्षरांत: 'गरम पाणी खरं उत्तर', 'गरम पाणी आधी गोठत नाही सिद्ध', 'गरम पाणी वाद मुलांना शेवटी काय सांगावं'.

"बाईंनी गाइड पाहिलं की," मागच्या बाकावरचा एक लांबोडका म्हणाला. वर्ग फिदीफिदी हसला.

बाईंचे कान तापले. "माझ्या लेकाचे उद्योग आहेत हे," त्या म्हणाल्या.

सगळी नोकरी त्यांनी खडूवर काढली होती. त्या काळी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर उत्तर असायचं, आणि ते पाहिल्याशिवाय त्यांनी वर्गात कधी पाऊल टाकलं नव्हतं. यंदाही राहवलं नाही. कुठल्याशा पानावर 'नाही' असं ठासून लिहिलेलं सापडलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला आणि त्या निबंध तपासायला बसल्या.

चिमणी उभी राहिली. बारीक आवाजामुळे वर्गाने तिला ठेवलेलं हे नाव.

"मग दादाला मिळालं का उत्तर, बाई? मी घरी दोन वाट्या ठेवून पाहिल्या. फ्रीज सारखा उघडते म्हणून आईची बोलणी खाल्ली. कधी ही आधी गोठायची, कधी ती. म्हणून 'नक्की सांगता येत नाही' असं लिहिलं. तुम्ही तिथे 'अपूर्ण' लिहिलंय."

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि तेच बाईंना झोंबलं.

"लेकाने नाही, मीच शोधलं," त्या म्हणाल्या. "मिळालं असं वाटलं. त्यावरच मार्क देऊन बसले."

हसणं केव्हाच थांबलं होतं. लांबोडक्याने 'नाही' लिहून दहापैकी नऊ मिळवले होते. "माझे कापणार का, बाई?"

"सगळ्यांनी निबंध परत द्या."

बाई बाकांमधून निबंध गोळा करत फिरल्या. मान वर करवेना. चिमणीने आपला निबंध पटकन सोडला नाही.

"आता पूर्ण वाचाल ना, बाई?"

"वाचते," बाई कागदाकडे बघतच म्हणाल्या.