इस्त्रीवाल्या काकूंची जुनी गाठ

“नामंजूर म्हणजे आता घरी परत जायचं का हो, ताई?”

इस्त्रीवाल्या काकूंच्या मुलीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. तिला सातवा महिना लागलेला, पाय सुजलेले, आणि ही बया वरच्या मजल्यावरून जिन्याने उतरून आली होती.

“आधी बस,” मी ओरडलेच. “लिफ्ट काय शोभेला बांधलीय?”

माझं टेबल औषधांची खिडकी आणि लिफ्ट यांच्या मधोमध आहे. वर ‘मदत’ एवढीच पाटी. नर्सची नोकरी संपल्यावर या कॅन्सर हॉस्पिटलने मला इथे बसवलं. बायका येतात त्या भेदरलेल्या. कुठल्या खोलीत जायचं, डॉक्टरांना काय विचारायचं, विमा कंपनीकडे घोडं कुठे अडलंय, हे सगळं मी बघते. जीभ माझी फटकळ आहे. पण भेदरलेल्या माणसाशी फार गोड बोललं की ते आणखी घाबरतं, असं माझं आपलं मत आहे.

कंपनीचं म्हणणं होतं, आजार पॉलिसी काढण्याच्या आधीपासूनचा आहे, त्यामुळे ऑपरेशनचा खर्च मिळणार नाही. पॉलिसी मुलीनेच मागच्या वर्षी आईसाठी काढलेली. ऑपरेशन सोमवारी. मी फाइल उघडली. पहिल्या तपासणीला ज्युनिअर डॉक्टरने लिहून ठेवलं होतं, छातीत गाठ, बऱ्याच वर्षांपासून.

“आईने माझ्यासमोरच सांगितलं तसं,” मुलगी म्हणाली. “खरं सांगू ताई, तेवढाच तर धीर आहे मला. इतकी वर्षं गपगुमान पडून राहिली म्हणजे सुस्त जातीची असणार ना? आई तसंच म्हणते. आता कंपनीला खोटं कसं सांगायचं?”

तेवढ्यात लिफ्टमधून काकू आल्या. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं इस्त्रीचं दुकान. नवरा गेल्यावर तिथेच उभं राहून त्यांनी मुलीला शिकवलं, नोकरीला लावलं. उजवा दंड पैलवानासारखा आणि गाठही नेमकी त्याच बाजूला. मुलीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना काय ते कळलं.

पेशंटकडून खरं काढायचं असेल, तर नातेवाइकांना चहाला पिटाळायचं, ही माझी रीत. नवरा, सासू, लेक, कुणी समोर असलं की बाई त्यांना सोसवेल तेवढंच बोलते.

“जा, चहा पिऊन ये,” मी मुलीला म्हटलं. “आणि लिफ्टने जा.”

ती गेली. “काकू, गाठ खरंच जुनी आहे?”

“आहे की.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

काकूंनी लिफ्टचं दार लागलंय ना ते पाहून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढली.

“आजी होणार तू, असं हिने मला सांगितलं ना, त्याच आठवड्यात आंघोळ करताना हाताला लागली. वाटाण्याएवढी होती. बसले गप्प. मग लागली की हो वाढायला! एकदा कपडे बदलताना हिने बघितली नि ओढतच इथे आणलं. तो पोरगेला डॉक्टर विचारतो कधीपासून, आणि ही मेली शेजारी उभी. काय सांगणार? जुनीच आहे हो, म्हटलं. सुटलं तोंडातून.”

मी कपाळाला हात लावला. “कमाल करता काकू! त्या एका वाक्यावर कंपनीने हात वर केलेत.”

“करू देत. दुकान विकीन.”

“कसलं दुकान विकता? जागा भाड्याची.”

“मग ऑपरेशन नको,” त्या म्हणाल्या, आणि त्या ते खरंच म्हणत होत्या. “हिला कळता कामा नये. आपल्या गोड बातमीपायी आईने दुखणं अंगावर काढलं, हे एकदा डोक्यात शिरलं की जन्मभर निघायचं नाही. बाळाला मांडीवर घेईल नि तेच आठवेल. माझं काय, मी आहे तोवर आहे.”

माझं डोकंच फिरलं. आई मेल्यावर कोणती मुलगी सुखाने बाळ खेळवते, असं तोंडावर आलं होतं. उठून सर्जनबाईंकडे गेले.

सर्जनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “मलाही ती जुनी वाटत नव्हतीच,” त्या म्हणाल्या. “तसं मी लिहून देते. पण कंपनीचे डॉक्टर पेशंटच्या तोंडून ऐकल्याशिवाय मानणार नाहीत.” मी तिथूनच कंपनीला फोन लावला. पॉलिसी मुलीच्या नावावर आहे, तेव्हा ती समोर हवी, असं पलीकडची बाई म्हणाली. तिला वगळा म्हणून मी पुष्कळ हुज्जत घातली. पलीकडची बाई न चिडता नाहीच म्हणत राहिली.

खाली आले तर मायलेकी एकाच पुड्यातली बिस्किटं खात होत्या. मी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या लेकीच्या पाठीकडे बघत राहिल्या. बाई आता नाही म्हणणार आणि आपण काहीएक करू शकणार नाही, हे मला दिसत होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“चला,” म्हणाल्या.

सर्जनबाईंच्या खोलीत फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला. कंपनीच्या डॉक्टरांनी नाव विचारलं, वय विचारलं, मग गाठीचं विचारलं. काकू फोनकडे नाही, लेकीकडे वळून बसल्या.

“मी खोटं सांगितलं होतं डॉक्टरसाहेब. गाठ जुनी नाही. मुलीने गोड बातमी दिली त्या आठवड्यात आली, आणि भराभरा वाढली.”

मुलगी ताडकन उठली. चेहरा पांढराफटक.

“खाली बस. रडू नकोस असं मी म्हणायची नाही, रड. पण बसून रड.” काकूंचा आवाज जराही हलला नाही. “आणि तुझ्यासाठी लपवलं असं मनात आणशील तर याद राख. तुझ्यासाठी नाही लपवलं. माझ्यासाठी लपवलं. आयुष्यात कधी नाही तो एवढा आनंद झालेला मला. तो मला अख्खा हवा होता. त्यात दुखण्याला वाटा द्यायचा नव्हता. चुकलं असेल, पण ते माझं आहे. तू त्यात हात घालायचा नाहीस.”

मी वॉर्डात किती मरणं पाहिली, किती जन्म पाहिले, वाटायचं आता आपल्याला काही पाहायचं उरलं नाही. आणि इथे एका बाईने जन्मभराचं ओझं लेकीच्या डोक्यावर चढायच्या आधीच उचलून स्वतःकडे ओढून घेतलं.

मुलगी रडली, आणि बसूनच रडली. मग नाक ओढून फोनकडे वाकली. “माझं ऐकून झालंय सगळं,” म्हणाली. “आता पुढचं सांगा. मंजुरी कधी देताय?”

मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. त्याआधी मी तिघांशी भांडले, पण ते माझं रोजचंच आहे.

सोमवारी सकाळी मी वॉर्डात गेले. वॉर्डबॉय काकूंसाठी व्हीलचेअर घेऊन उभा होता. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन त्यांना ढगळ झालेला, केस टोपीत कोंबलेले. मुलगी भिंतीला टेकून उभी, एक हात कमरेवर.

“मला कशाला खुर्ची?” काकू म्हणाल्या. “पाय मोडलेत का माझे? तिला बसव.”

“अहो काकू, पेशंट तुम्ही आहात. मला बोलणी बसतील.”

“ताई आहेत ना, त्या देतील तुझ्या वतीने उत्तर. बस गं तू.”

वॉर्डबॉयने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मुलगी बसली. काकूंनी चपला काढून तिच्या मांडीवर दिल्या, मागच्या दांड्या दोन्ही हातांनी धरल्या आणि त्या जाड उजव्या हाताने खुर्ची हलकेच वळवली. मग लांबलचक कॉरिडॉरमधून, वाटेतल्या माणसांना “सरका जरा, सरका” करत, त्या लेकीला ढकलत ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत घेऊन गेल्या.