मांडीवर न टिकणारी गिटार

खुब्याचं हाड मोडल्यापासून वेन्डेल कायपर स्टुलावर बसूनच वाजवायचा. शुक्रवारी कालामाझूतल्या त्या बारमध्ये लोक यायचे ते त्याची गिटार ऐकायला, आणि नेमकं हेच डर्क पोस्टमाच्या डोळ्यांत खुपायचं. बँड डर्कचा होता. त्याची बोटं तारांवर पहिल्यांदा ठेवली ती वेन्डेलनेच, पण उपकार आठवायचे तर मान वाकवावी लागते, आणि डर्कची मान ताठ. "निघा" असं तोंडावर म्हणायची मात्र त्याची छाती नव्हती.

म्हणून त्याने फर्मान काढलं. "यापुढे सगळ्यांच्या हातात व्ही. काळी, एकसारखी. बँड कसा उठून दिसला पाहिजे!"

व्ही गिटारला खाली दोन पंख फाकलेले असतात. उभ्याने गळ्यात अडकवली तर मोठी रुबाबदार, पण बसून मांडीवर घेतली की ओल्या साबणासारखी सटकते. सुरुवातीच्या, पिवळसर लाकडाच्या व्हीला खालच्या पंखाच्या कडेने रबराची पट्टी असायची, बसणाऱ्याची सोय म्हणून. पुढे बऱ्याच व्हींवरून ती गेली. वेन्डेलची उमेदीची वर्षं गिटारच्या कारखान्यात गेली होती, त्याला हे सगळं पाठ.

"पट्टीवाली तरी दे," तो म्हणाला.

"पट्टी कशाला, म्हातारबा? लाळेरंच बांधतो ना गळ्यात," डर्क म्हणाला. ड्रमवाला खो खो हसला.

त्या दिवशी सरावात गिटार सारखी घसरत राहिली आणि वेन्डेल तिला सावरत राहिला. घरी येऊन तो बायकोसमोर, नेलसमोर, तीच गिटार मांडीवर घेऊन बसला. हळूहळू त्याला युक्ती सापडली. उजवी मांडी दोन पंखांच्या बेचक्यात घालायची, गिटारची मान वर उचलायची. गिटार अशी घट्ट बसली की सूर आधीपेक्षा मोकळे निघू लागले.

"मेल्या, अजून जादू आहे तुझ्या हातात," नेल म्हणाली, आणि म्हातारा पोरासारखा लाजला.

पुढच्या सरावाला ड्रमवाल्यानेच टाळ्या वाजवल्या. डर्कने वाजवल्या नाहीत.

शुक्रवारी स्टेजवर स्टूल नव्हतं.

"मोडलं," डर्क गोड हसून म्हणाला. "आणि व्ही उभ्यानेच शोभते, गुरुजी. की घरी जाताय?"

समोर लोक वेन्डेलच्या नावाने ओरडत होते. आज घरी गेलो तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो उभा राहिला. पहिलं गाणं निभलं. दुसऱ्यात खुब्यातून कळ निघाली, पाय गेला आणि तो गिटारसकट तोंडावर आपटला. या गिटारींचं डोकं मागे कललेलं असतं, त्यामुळे मानेशी त्या नाजूक. डोकं काडकन तुटलं आणि तारांना लोंबकळू लागलं.

बार दणाणून गेला. लोकांना वाटलं, हा खेळच आहे. टेबलं बडवत ते "पुन्हा! पुन्हा!" ओरडू लागले.

डर्कने हात देऊन त्याला उठवलं, मोडकी गिटार दिव्यांखाली उंच धरली आणि त्याच्या कानाशी लागला. "हसा, म्हातारबा. दर शुक्रवारी हेच करायचं. जमत नसेल तर सांगा."

वेन्डेल हसला. ओठ फुटला होता तरी हसला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी नेल मागच्या खोलीत आली, तर तो एका स्वस्तातल्या व्हीच्या मानेवर करवत चालवत होता. अर्ध्यापर्यंत कापून त्याने वरून काळा रंग फासला.

"अरे, अशानं तार ओढताच तुटेल ती," नेल म्हणाली. "वाजवणार काय त्यावर?"

"वाजवायचं नाहीये," वेन्डेल मान वर न करता म्हणाला. "आता फक्त पडायचंय."